उपटलेला टारफुला

नसरीन मॅडम गेल्याचं मला माझ्या वडिलांकडून कळलं. "मुरुमला मातीला चाललोय," एवढंच आबा फोनवर म्हणाले. कुणाच्या, ते मागाहून सांगितलं. मी धाराशिवहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. रडू आलं नाही. मॅडमना रडारडीचा कंटाळाच होता... तेवढी माझी सोय झाली.

मुरुमच्या कॉलेजात त्या आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. दुसऱ्या वर्षी पुण्याकडच्या एका वनस्पती उद्यानात सहल निघाली आणि आबा नाही म्हणाले. वर, पोरींना असं लांब हिंडवणारं कॉलेजच नको, लग्नाचं बघू, असंही त्यांनी ठरवून टाकलं. मॅडम एसटीनं आमच्या घरी जळकोटला आल्या, चहा प्यायल्या आणि आबांना म्हणाल्या, "मग तुम्हीच चला की सोबत. सीट रिकामी हाय." नाही म्हणणाऱ्याशी वाद घालायचा नाही, त्याला बरोबर घ्यायचं, ही त्यांची रीतच होती.

उद्यानात आम्ही सगळे किडे खाणाऱ्या घटपर्णीभोवती घोळका करून उभे होतो. आबा एकटेच पुढं गेले. तिथं कुंड्यांत ज्वारी लावून तिच्या बुडाशी टारफुला अभ्यासासाठी मुद्दाम जपला होता. ज्वारीच्या मुळांतून रस ओढून पीक खुरटवणारं हे तण. आबांनी ते पाहिलं आणि रानातल्या सवयीनं वाकून मुळासकट उपटलं. सगळ्या कुंड्यांतलं. मग समाधानानं हात झटकले.

माळी ओरडला, मागून उद्यानाचे साहेब आले. "कोण आहेत हे?" आबांचा चेहरा उतरला. ही लाज घेऊन घरी गेलो की माझं शिक्षण संपलं, हे मला दिसायला लागलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझे विद्यार्थी आहेत. आज पहिलाच दिवस. मी आधी सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं." मग आबांकडं वळल्या, "भाऊ, रानात खुशाल उपटा. इथं फक्त बघायचं." आबा खाली मान घालून "व्हय मॅडम" म्हणाले. एरवी ते कुणाचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हेत.

घरी आल्यावर आबा आईला म्हणाले, "बाई वस्ताद हाय. शिकू दे पोरीला तिच्या हाताखाली." लग्नाचा विषय निघाला तो थेट पदवीनंतर.

आता मी धाराशिवला वनस्पतिशास्त्रच शिकवते. परवा आमच्या सहलीला एका मुलीच्या आईनं दारातूनच नाही म्हणून सांगितलं. "मग तुम्हीच चला की सोबत," मी बोलून गेले, आणि मॅडम आता नाहीत हे तिथं, परक्याच्या दारात, मला पहिल्यांदा लागलं. डोळे भरून आले. मुलीची आई म्हणाली, "भाकरी किती जणांच्या बांधू?"