हुरुळी नावाचा किल्ला

माझी लेक इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहते. तिथल्या लोकांना गावच्या इतिहासाचं भारी वेड. त्यांच्या सभागृहात मोडी लिपीतला एक कागद काचेत लावलेला होता. गावचा कुणी अधिकारी म्हैसूरहून परतताना तो घेऊन गेला होता म्हणे. खाली पाटी होती : ‘हुरुळी किल्ला ताब्यात देण्याचा हुकूम’. पूर्वी कुणा जाणकाराला ‘हुरुळी सकाळी द्यावी’ एवढीच ओळ लागली होती. बाकीचं पुसट होतं.

लेकीने मला फोटो पाठवला. मला मोडी येत नाही, म्हणून फोन घेऊन मी इथे म्हैसूरलाच लष्कर मोहल्ल्यात काकांकडे गेले. आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. घरातली मोडी मात्र काकांपाशीच उरली होती, आणि काकांनी जन्मभर शिंपीकाम केलं. त्यांना कुणी कधी काही वाचायला सांगितलं नव्हतं.

फोटो बघून काका हसायला लागले. “किल्ला कुठला गं. हुरुळी, गोत्तिल्वा? आपण जिचं सारू करतो ती.”

हुरुळी म्हणजे कुळीथ, सारू म्हणजे सार आणि ‘गोत्तिल्वा’ म्हणजे ‘ठाऊक नाही का’. सगळे शब्द कन्नड. आमच्या मराठीत असे शब्द पदोपदी येतात, आणि पुण्याच्या नातेवाइकांत त्यावरून इतकी थट्टा व्हायची की मी तिथे गप्पच बसायचे.

काका दोन दिवस भिंग घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मजकूर सांगितला : “घोडीला हुरुळी सकाळी द्यावी, भिजवून. उजव्या कानाने ऐकत नाही, डावीकडून हाक मारावी. आभाळ गडगडलं की पाठीवर हात ठेवून उभं राहावं.” परमुलखाला निघालेल्या घोडीबरोबर तिला सांभाळणाऱ्या माणसाने दिलेली ती चिठ्ठी होती.

मी ती लेकीला कळवली. तिच्या शेजारच्या बाई गावच्या इतिहास मंडळाचं काम बघतात. लेकीकडून ऐकून त्या म्हणाल्या, “चर्चच्या भिंतीलगत एका घोडीची कबर आहे. ती कुठून आली, हे आम्हाला कधीच कळलं नव्हतं.”

गावच्या वारसा दिनाला त्यांनी काकांनाच वाचायला बोलावलं, व्हिडिओ कॉलवरून. काका कोट चढवून, जरीचा पेटा, म्हणजे म्हैसुरी फेटा, बांधून जयलक्ष्मीपुरमला माझ्या घरी आले. समोर पडद्यावर सभागृह गच्च भरलेलं. काकांनी खणखणीत आवाजात मराठीत वाचलं, मी इंग्रजीत सांगत गेले. वाचून झालं आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

“का उभे राहिले गं?” काकांनी हळूच विचारलं.

“तुमच्यासाठी.”

काकांनी पेटा सारखा केला. तेवढ्यात तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “घोडीचं नाव काय होतं?”

मी प्रश्न काकांना सांगितला. ते ताठ बसले.

“नाव लिहिलेलं नाही म्हणावं. पण ती आमची. म्हैसूरची.”

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी काकाही हसत टाळ्या वाजवत होते.