पोरीच्या मागची क्रेन

विहिरीवरची मोटार जळली की मी ती धुळ्यात ज्यांच्याकडे नेतो, त्या वाइंडिंगवाल्या नानांना फोटो बघता येत नाही, असं मला बरेच दिवस वाटायचं. त्यांची मुलगी शिरपूरच्या कॉलेजातून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला गेलेली. तिचा फोटो आला की नाना काळी बोटं बनियनला पुसायचे, मोबाइल घ्यायचे, तिचा चेहरा बाजूला सरकवायचे आणि मागचं मोठं करून बघायचे. मग लगेच फोन.

"माय, तुना मांगे क्रेन शे, ती कशावर चालस?"

"माले काय माहीत?"

"मंग इचार ना. तठे नुसता फोटो काढाले गयी का तू?"

मला ते कठोर वाटायचं. पोर एकटी, परक्या मुलखात. जेवलीस का, एवढं तरी विचारावं माणसानं. पण ती खरंच जायची, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये क्रेनवाल्याला विचारायची आणि नानांना सांगायची. नाना ते खडूनं दुकानाच्या भिंतीवर काढून ठेवायचे.

मागच्या आठवड्यात गेलो, तर नवा फोटो आला होता. ट्रामच्या वर्कशॉपात ती कामगारांबरोबर उभी, मागे खोललेली भलीमोठी मोटार. मीच म्हटलं, "नाना, मागे बघा."

"मांगलं ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पोरीचे हात तेवढे मोठे केले होते. कोपरापर्यंत ग्रीस.

"भाऊ, तिना हात दखा."