छातीवरची पाच अक्षरं

दुकान बंद असल्याची बातमी आधी आली, माणूस गेल्याची नंतर. आमच्या भागातल्या मराठी आयांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर त्या मंगळवारी सकाळी साडेसातला कुणीतरी लिहिलं, "डोनट काकांचं शॉप क्लोज्ड आहे. एनी आयडिया?" कुणालाच काही माहीत नव्हतं. सांता क्लारातलं ते छोटं दुकान कामाच्या दिवशी बंद राहिलेलं मी अकरा वर्षांत एकदाच पाहिलं होतं, आणि त्या वेळचं कारण मला ठाऊक होतं. तासाभरानं काकांच्या मुलीचा, मालिसचा फोन आला. ती शाळेत शिकवते, शब्द मोजून वापरते. "डॅड पहाटे गेले. पीठ मळून झालं होतं. खुर्चीत बसले, आणि..." मग ती म्हणाली, "हार्ट नव्हतं, आंटी. मेंदूत रक्तस्राव झाला. हार्ट शेवटपर्यंत नीट होतं." हे तिनं मुद्दाम सांगितलं. त्या हृदयासाठी काय करावं लागलं होतं, ते आम्हा दोघींना माहीत होतं.

त्यांचं नाव सोफाल. मूळचे कंबोडियातल्या बट्टंबांगकडचे. वय सत्तरीच्या आसपास. नेमकं सांगता येत नाही, कारण कागदोपत्री जन्मतारीख निर्वासितांच्या छावणीत एका कारकुनानं अंदाजानं घातलेली होती. कॅलिफोर्नियात डोनटची दुकानं चालवणारे पुष्कळ जण त्यांच्यासारखेच कंबोडियातून जीव वाचवून आलेले आहेत. मी नागपूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं कोर्ट आणि पोलीस सांभाळत होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. मुलाला शाळेत सोडलं की साडेआठ ते दहा मी त्या दुकानात खिडकीजवळ बसायचे, एक कॉफी घेऊन, वही उघडून. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, काय लिहितेस? काही नाही, पूर्वी पेपरमध्ये होते, असं मी म्हटलं. तेव्हापासून माझं नाव 'न्यूजपेपर' झालं. "गुड मॉर्निंग, न्यूजपेपर. आज कोण मेलं?" हा त्यांचा रोजचा विनोद. आम्ही इंग्रजीत बोलायचो, त्यांच्या तुटक आणि माझ्या पुस्तकी. इथे ते मराठीत देते आहे.

छातीवरचं गोंदण मी पहिल्यांदा पाहिलं ते एका उन्हाळ्यात, दुकानातला एसी बंद पडला तेव्हा. काका बनियनवर कढईपाशी उभे होते. गळ्याखालून बरगड्यांपर्यंत निळसर काळ्या रेषा होत्या, चौकटी, चौकटींत अक्षरं. वयानं शाई पसरली होती, पण मधल्या ओळीतली पाच मोठी अक्षरं स्पष्ट होती. मी विचारलं. त्यांच्या देशात युद्ध पेटलं तेव्हा वडिलांनी दोघा भावांना एका 'क्रू'कडे नेलं होतं. क्रू म्हणजे गुरू, मंत्र म्हणत सुईनं कातडीवर यंत्र गोंदणारा. असं यंत्र अंगावर असलं की गोळी लागत नाही आणि चाकू चालत नाही, अशी तिथली श्रद्धा. थोरला भाऊ वीस वर्षांचा होता, काका सोळाचे. एकाच दिवशी, एकाच सुईनं दोघांना गोंदलं. काकांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून ती ओळ त्यांच्या उच्चारात वाचली. मी म्हटलं, "नमो बुद्धाय." डोनट उलटायच्या लाकडी काड्या त्यांच्या हातात तशाच राहिल्या. "तुला कसं येतं?" नागपुरात आमच्या घरामागे विहार होता, संध्याकाळची वंदना ऐकत मी मोठी झाले, असं मी सांगितलं. "तुमच्याकडे हे छातीवर काढतात?" "नाही. भिंतीवर लिहितात." त्यांनी थोडा विचार केला. "भिंतीला कोण गोळी मारतंय," म्हणाले आणि डोनट उलटायला लागले.

यंत्राबरोबर नियम येतात. कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून जायचं नाही. जिन्याखालून जायचं नाही. कुणाच्या आईवरून शिवी द्यायची नाही. कमरखाचं आंबट फळ खायचं नाही, आणि भोपळ्याच्या जातीतलं काहीही खायचं नाही. नियम मोडला की शक्ती निघून जाते, आणि जाताना सांगत नाही. काका हे सगळं पाळत. त्यांच्या इमारतीत टपालपेट्या जिन्याखाली होत्या, म्हणून टपाल आणायला कायम मालिस जायची. दुकानात दिवे बदलायला माणूस शिडी लावायचा तेव्हा काका मागच्या दारानं वळसा घालून यायचे. मी सवयीनं उलटतपासणी घेत असे. त्यांच्या हातांवर भाजल्याचे डाग होते. मग गरम तेलाचं काय? "तेलाबद्दल क्रू काही बोलला नव्हता." रक्ततपासणीची सुई कशी आत जाते? "यंत्र सुईनंच काढलंय. सुईला ते ओळखतं." दोन्ही उत्तरं मी वहीत लिहून ठेवली आहेत. त्यांतलं गमतीनं दिलेलं कुठलं आणि खरं मानलेलं कुठलं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

यातला भोपळ्याचा नियम मात्र मला सुरुवातीला माहीत नव्हता. गोंदण पाहिलं त्याच वर्षीच्या भाद्रपदात मी लाल भोपळ्याचे घारगे केले आणि स्टीलच्या डब्यात घालून दुकानात नेले. तळणारा माणूस दुसऱ्याचं तळण ज्या नजरेनं पाहतो, तसं त्यांनी पाहिलं. एक घारगा मोडला, वास घेतला. "तेल बरोबर तापलं होतं. गव्हाचं पीठ, थोडं तांदळाचं. गोडाला?" "गूळ." "आणि रंग?" "पम्पकिन." त्यांनी तुकडे कागदी रुमालावर ठेवले, दोन्ही हात साबणानं धुतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो छोट्या गोल डोनटांनी भरून. "रिकामा डबा परत देत नाहीत आमच्यात," ते म्हणाले. आमच्यातही नाही, मी म्हटलं. दर ऑक्टोबरात त्यांच्या काउंटरवर पम्पकिन डोनट असायचेच, सगळ्या अमेरिकेत असतात. ते चाखून बघायचं काम मालिसचं होतं, हे माझ्या त्यानंतर लक्षात आलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाल्याचं निदान झालं. छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागणार होती, आणि डॉक्टरांच्या मते ती लवकर व्हायला हवी होती. काका नाही म्हणाले. मालिस मला म्हणाली, "आंटी, तू बोलून बघ ना. प्रश्न विचारणं हे तुझं काम होतं." कारण तिनंच सांगितलं. यंत्र असलेल्या माणसावर चाकू चालत नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी गुरूकडून यंत्र सोडवून घ्यावं लागतं. इथल्या त्यांच्या बौद्ध देवळातले भिक्खू म्हणाले, ज्यानं बांधलं त्यानंच सोडवावं. ज्यानं बांधलं तो क्रू केव्हाच वारला होता. सर्जन बाईंना मालिसनं हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या सौजन्यानं म्हणाल्या, मी सांभाळून घेईन.

मी दुकानात गेले. मालिसही होती. माझ्याकडे तयार तोड होती आणि मला ती हुशारीची वाटत होती. "सोपं आहे, काका. एक पम्पकिन डोनट खा. नियम मोडेल, शक्ती जाईल, चाकू चालेल." मालिस हसली. काका हसले नाहीत. काउंटर पुसत होते, ते पुसत राहिले. मग म्हणाले, "भोपळाच खाल्ला होता बाँगनं."

बाँग म्हणजे दादा. भावाबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो अमेरिकेपर्यंत पोहोचला नाही. पुढचं काकांनी तीन दिवसांत, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मालिसलाही ते नवीन होतं. त्या वेळी मी वही उघडली नाही. युद्ध संपलं आणि त्याहून वाईट राजवट आली. दोघे भाऊ शेतावरच्या छावणीत राबायला धाडले गेले. दिवसाला एकदा तांदळाची पातळ पेज मिळायची. एका मोसमात पेजेत भोपळ्याच्या फोडी यायला लागल्या. काकांनी नियम पाळला. आपल्या वाटीतल्या फोडी वेचून ते दादाच्या वाटीत टाकायचे. दादा म्हणायचा, "क्रूला कधी भूक लागली नसेल," आणि दोघांच्या वाट्याच्या फोडी खायचा. नंतर एका पहाटे ते सीमेच्या दिशेनं पळाले. उघडं शेत होतं. मागून गोळ्या आल्या. दादा पडला. काकांच्या कानाशेजारून एक गेली, तिचा आवाज त्यांना ऐकू आला... "एक क्रू, एक दिवस, एक सुई," काका म्हणाले. "फरक फक्त भोपळ्याचा. आणि भोपळा माझ्या वाटीतला होता."

मी गुन्ह्यांच्या बातम्या केलेल्या आहेत. अंतर, उजेड, नेम, योगायोग, हे सगळं मला सांगता आलं असतं. मी एकच वाक्य बोलले, "गोळी कुणालाही लागते, काका." "माहीत आहे," ते म्हणाले. "पण तू सांगितलंस म्हणून माहीत होणं वेगळं."

पंधरा दिवसांनी त्यांनी मालिसला तारीख घ्यायला सांगितलं. ती खूश झाली, तिला वाटलं वडिलांचं मन वळलं. शस्त्रक्रियेसाठी दुकान बंद ठेवायच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. असं ते कधी बसत नसत. "मी एकही नियम मोडलेला नाही, न्यूजपेपर. एकही. भूक होती तेव्हाही नाही. यंत्र कुणी सोडवलेलं नाही, जसं बांधलं तसंच आहे. आता लावू दे चाकू." त्यांना चाकू चालणार नाही ही भीती नव्हतीच, हे मला तेव्हा कळलं. चाळीसहून अधिक वर्षं जे ठरवता आलं नव्हतं, ते त्यांना ठरवून हवं होतं. छाती उघडली जाणार होती ती त्यांच्या लेखी तेवढ्यासाठी. झडप डॉक्टरांनी बघावी.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी मी इस्पितळात गेले. त्यांनी गाऊन बाजूला केला. टाक्यांची रेघ गळ्याखालून सरळ खाली आली होती, पाच अक्षरांच्या मधून. सर्जन बाईंनी दोन्ही बाजू जुळवायचा मनापासून प्रयत्न केला होता, पण तिसऱ्या अक्षराचे दोन भाग तांदळाच्या दाण्याएवढे वरखाली झाले होते. "चालला," काका म्हणाले. आवाज बसका होता. "चाकू. सगळं पाळलं, तरी चालला." त्यांनी गाऊन पुन्हा ओढून घेतला. "म्हणजे बाँगनं भोपळा खाल्ला नसता, तरी... म्हणजे भोपळ्यानं काही झालं नव्हतं." नर्स येऊन सलाईन बघून गेली. मग त्यांनी विचारलं, "ते तुझे पिवळे. अजून करतेस?"

त्या युक्तिवादात एक भोक होतं आणि ते मला दिसत होतं. सुईला यंत्र ओळखतं, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. मग बरं करायला आलेल्या चाकूलाही ते ओळखून आत येऊ देत असेल, आणि अडवत असेल ती फक्त गोळी. तसं असेल तर यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. नऊ वर्षं कोर्टात बसून साक्षीतली असली भोकं शोधणं हेच माझं काम होतं. त्या दिवशी मी ते तसंच राहू दिलं. त्यांना ते दिसलं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारता येणार नाही.

नियम त्यांनी नंतरही पाळले. दोरीखालून गेले नाहीत, जिन्याखालून गेले नाहीत. "आता कशाला?" असं मी चिडवलं तर म्हणाले, "जिन्याखाली डोकं आपटतं." सुटला तो फक्त भोपळा. त्यांच्याकडे पितरांना जेवू घालायचा पंधरवडा असतो, आणि तो नेमका आपल्या पितृपक्षातच येतो. शस्त्रक्रियेनंतर आलेल्या पहिल्या पितृपंधरवड्यात मी डबाभर घारगे दिले. इतकी वर्षं काकांनी दादासाठी देवळात भात नेला होता, मासे नेले होते, केळीच्या पानातले गोड भात नेले होते. त्या वर्षी पहिल्यांदा भोपळ्याचं काही नेलं. मग दुकानात येऊन एक स्वतः खाल्ला, उभ्यानं, काउंटरमागे. "गूळ कमी आहे," म्हणाले. दुकानात गल्ल्याच्या वर एक फळी आहे, तिच्यावर बुद्धाची लहान मूर्ती आणि उदबत्तीचा पेला. त्या दिवसापासून तिथे एक बशी आली. तिच्यात पम्पकिन डोनट असायचा, एक, दादाचा.

काका गेल्यानंतर सातव्या दिवशीचे विधी देवळात झाले. दुकान त्यानंतर आठवड्यानं उघडलं. शाळा सुरू होईपर्यंत मालिसच सांभाळते आहे. मी नेहमीच्या वेळेला गेले. आज कोण मेलं, असं कुणी विचारलं नाही. काकांकडे राहिलेला माझा डबा काउंटरवर धुऊन ठेवलेला होता, डोनटांनी भरलेला. पम्पकिनचा मोसम अजून दूर आहे, पण मालिसनं डबाबंद भोपळा आणून एकच डोनट केला होता. फळीवर आता दोन बशा होत्या, आणि तो डोनट मधोमध कापून दोन्हींत ठेवलेला होता. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं. "डॅडनं सगळा अंकललाच देऊन टाकला असता," ती म्हणाली. "म्हणून मी कापून ठेवला."

मी फळीजवळ जाऊन नीट पाहिलं. दोन्ही तुकडे सारखे होते.