पडद्यावरचा खडक

हां, तर काल ज्यांचा विषय निघाला होता ते पडदेवाले काका. उभ्या जन्मात गावचा पूल ओलांडला नव्हता बाबानं, पण फोटोच्या दुकानात मागे टांगायच्या पडद्यावर डोंगर रंगवावा तो त्यांनीच! सीमेपलीकडून आलेली माणसं नवे कपडे घालून फोटो काढायला यायची आणि म्हणायची, "काका, मागे आपला डोंगर असू द्या बरं." डोंगर एकच, पण तऱ्हा किती! पोर खांद्यावर घेऊन आलेल्याला तो आभाळाला टेकलेला. कागद दाखवून मोटारीतून आलेल्याला म्हशीच्या पाठीएवढा. काका ज्याला जसा हवा तसा करून देत.

त्यांची सूनही पलीकडचीच, पण कागदांवाचून आलेली. एकदा पडदा पाहून ती खुदकन हसली. "मामंजी, शेंड्याखालचा दुभंगलेला खडक कुठंय?" मामंजींना कौतुकाची भारी हाव. तिनं बोट ठेवलं तिथं त्यांनी खडक उतरवला. गिऱ्हाइकं तो पाहून डोळे पुसायची, आणि काका मूठभर मांस चढल्यासारखे फिरायचे.

मग एक दिवस राखाडी सदऱ्यातला माणूस आला. स्टुलावर बसला तो कॅमेऱ्याकडे पाठ करून. बराच वेळ नुसता पडदा पाहत राहिला आणि फोटो न काढताच गेला. दुसऱ्या दिवशी दोन शिपाई घेऊन आला. शिपायांनी दार आतून लोटलं.

"नऊ वर्षं सीमेवरच्या चौकीवरून हा डोंगर पाहतोय मी," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "आमच्या बाजूनं हा खडक दिसत नाही. चोरवाटेनं चढणाऱ्यालाच दिसतो. कोणी सांगितला?"

"मनानंच काढला, साहेब."

"वा! आणि भेगही मनानंच बरोबर डावीकडे?"

आतल्या खोलीत सून फोटोंच्या कडा कापत होती. कात्रीचा आवाज थांबला. साहेबाची नजर पडद्यावरून निघाली ती थेट आतल्या दारावर.

"घरात आणखी कोण असतं? बोलवा."

सून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. साहेबानं वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

"बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

तेवढ्यात काका दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिला काय विचारता, साहेब? तिला जिना चढताना दम लागतो. त्या वाटेनं मी आलोय, मिसरूड फुटायच्या वयात. लिहा माझं नाव."