शेवटच्या बाकावर माझी टोपी

१९८९ साल. मी साठीला टेकलो होतो, तो माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी लहान. रोज संध्याकाळी पारावर येऊन बसायचा, रेडिओ मांडीवर घ्यायचा, पोराचा कान पिळावा तसं त्याचं बटण पिळायचा, आणि दुसऱ्या हाताचं बोट आमच्यावर रोखून म्हणायचा, "पहिले ऐकी ले, मंग बोल."

हे त्याचं रोजचं वाक्य. बायको ओरडली तरी तेच, दारातली बकरी ओरडली तरी तेच. बकरी ऐकायची नाही, पण गाव ऐकायचं. तुमच्याही गावात असा एक असेल. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचो. मी त्याचं नाव इथं लिहीत नाही. कारण आहे, ते पुढं कळेल.

मी दुसरीतून शाळा सोडली. अक्षर लावता येतं, एवढंच. तोही फार शिकलेला नव्हता, पण लंडनहून हिंदीत बातम्या लागतात त्या तो चुकवत नसे. त्यामुळं आमच्या चोपडा तालुक्यातल्या पारावर कुठल्या देशात कोण पडलं, कोण निवडून आलं हे आम्हाला जळगावच्या बातमीआधी माहीत असायचं. उपयोग काही नव्हता. पण माहीत असायचं.

त्या वर्षी जून महिन्यात त्यानं एक नवीनच गोष्ट आणली. म्हणाला, युरोपात बारा देशांची मिळून एक संसद आहे आणि तिच्यासाठी मतदान चाललंय. प्रत्येक देश आपापली माणसं निवडून देतो, आणि ती सगळी एका घरात बसून कायदे करतात. हेच देश एका पिढीमागं एकमेकांवर बॉम्ब टाकत होते.

आमच्यातला एक म्हणाला, इथं दोन भाऊ एका बांधावर बसत नाहीत, बारा देश कसे बसत असतील. सगळे हसले. भाऊ हसला नाही. बोट वर करून म्हणाला, खरी गंमत पुढं आहे. तिथं देशाप्रमाणं बाक नाहीत. ज्याचं मत ज्याच्याशी जुळतं तो त्याच्याशेजारी बसतो, मग तो कुठल्या का देशाचा असेना.

मी विचारलं, "अन् ज्या देशानी धाडं, तो काय करस मंग?"

"तो ऐकस," भाऊ म्हणाला. "पुढला टाइमले धाडानं का नही, ते तो ठरावस."

आम्ही माना डोलावल्या. बिड्या पेटवल्या. गोऱ्या लोकांचं काहीतरी, म्हणून विसरून गेलो. मी ही गोष्ट एवढी लांबवून सांगतो आहे, कारण सगळा घात तिथंच झाला होता आणि आम्हाला दिसला नाही.

आमच्या पाटावरही बाराच गावं. सातपुड्याच्या पायथ्याशी धरण आहे, त्याचा पाट निघतो तो आधी आमच्या शिवारात येतो. मग खाली खाली जात शेवटच्या गावाला पोचतो. पोचतो म्हणजे कागदावर. त्या गावाला आम्ही टेलचं गाव म्हणायचो. उन्हाळ्याचं पाणी आलं की आधी आमची केळी भिजायची, मग खालच्यांची, आणि टेलच्या गावापर्यंत जे जायचं त्यात चिमणी न्हाली असती तर न्हाली असती. रीत अशीच होती, आमच्या बापांच्या वेळेपासून.

त्या दिवाळीनंतर बारा गावांचं पाण्याचं मंडळ झालं. प्रत्येक गावानं एक माणूस निवडून द्यायचा आणि उन्हाळ्याच्या पाण्याची रीत मंडळानं ठरवायची. खालच्या गावांचा डाव सगळ्यांना ठाऊक होता. त्यांना पाणी उलटं हवं होतं, आधी टेलला, मग वर वर. वरची सहा गावं एकीकडं, खालची सहा एकीकडं. मतं सारखी पडली तर चालत आलेली रीत तशीच राहायची. म्हणजे आमच्या माणसानं तिथं जाऊन फक्त आमच्या बाकावर बसायचं होतं. दुसरं काही करायचं नव्हतं.

मारुतीच्या देवळात गाव जमलं. आधी माझं नाव निघालं. मी म्हणालो, मला बोलता येत नाही, मला भांडता येतं. भाऊला पाठवा. पाटाचा साहेब एकदा गावावर तोंड सोडत आला होता, तेव्हा भाऊनं त्याच्यापुढंही बोट वर केलं होतं आणि साहेब चक्क गप्प झाला होता. शिवाय भाऊची स्वतःची केळी आमच्या केळीला लागून. त्याचं पाणी तेच आमचं पाणी. गावानं एकमुखानं त्याला निवडलं.

तो उठून एवढंच म्हणाला, "मी तठे बठीसनी ऐकसू, मंग हात वर करसू."

आम्ही टाळ्या वाजवल्या. वाटलं, त्याचं नेहमीचंच आहे.

जायच्या दिवशी सकाळी त्याच्या टोपीवर केळीचा डाग. केळीचा डाग जात नाही, जन्माचा बसतो. गावाचा माणूस डागाच्या टोपीनं जाणार हे मला पटेना. मी माझी टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. लग्नाच्या पंगतीत टोप्या बदलतात म्हणून माझ्या बायकोनं तिच्या कडेला लाल दोऱ्याचे टाके घातले होते. बोडक्या डोक्यानं मी त्याच्यासोबत एसटीत बसलो. गावाबाहेर कधी बोडका गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो, आणि ताठ मानेनं गेलो.

बैठक मधल्या गावाच्या शाळेत. बाकांवर खडूनं गावांची नावं लिहिलेली. पहिला बाक आमचा, शेवटचा टेलच्या गावाचा. बाकीच्यांना आत घेत नव्हते, म्हणून मी खिडकीचे गज धरून उभा राहिलो.

आधी वरची गावं बोलली, मग खालची. शेवटी टेलच्या गावाचा म्हातारा उठला. त्याला चारचौघांत बोलता येत नव्हतं. काय म्हणाला ते मला अर्धंच ऐकू आलं. चैतात गुरं नदीकडं हाकलावी लागतात असं काहीतरी, आणि पाटात पाणी नसतं म्हणून त्यांच्या गावचे लोक पाटातून चालत जातात, ती त्यांची पायवाट झाली आहे. कोणी हसलं. म्हातारा खाली बसला.

मी भाऊकडं पाहत होतो. त्याचं बोट वर नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो ऐकत होता, रेडिओ ऐकायचा तसा. मग तो उठला. मला वाटलं, बोलायला उठला. पण तो बाकांच्या मधून चालत शेवटपर्यंत गेला, म्हाताऱ्याला जरा सरकायला सांगितलं आणि त्याच्याशेजारी बसला.

आमचा बाक रिकामा, आणि लाल टाक्यांची माझी टोपी शेवटच्या बाकावर. मी खिडकीतून ते पाहिलं. हात वर करायला सांगितलं तेव्हा त्याचा हातही तिथूनच वर गेला. रीत फिरली.

परतीच्या एसटीत मी त्याच्यासोबत बसलो नाही. मागची गाडी येईपर्यंत फाट्यावर उभा राहिलो.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. टोपी हातात.

"नाना, तुन्ही टोपी."

"ठेव तुलेच," मी म्हणालो. "मन्ही टोपी घालीसनी गावले बुडाडं तू."

"मी सांगेल होतं ना तुमले. तठे गावप्रमाने बसतस नही."

"ते गोऱ्यासनं होतं. आपलं नही."

त्याचं बोट अर्धं वर आलं. "ऐकी ले, नाना."

"ऐकी लिधं," मी म्हणालो. "जाय आते."

तो टोपी घेऊन गेला.

मी आजही तेच म्हणतो. ज्यानं पाठवलं त्याचा माणूस असतो निवडून दिलेला. तिथं जाऊन ऐकायचंच असेल तर ज्याचं त्यानं स्वतःच्या पायानं जावं, दुसऱ्याची टोपी घालून जाऊ नये. तुम्ही शिकलेली माणसं याला वेगळं नाव द्याल. आम्ही दगा म्हणतो. म्हणूनच त्याचं नाव मी इथं लिहिलं नाही.

त्या मे महिन्यात पाणी आमच्याकडं आलं ते सगळ्यांचं होऊन आलं. तोवर केळीची पानं फाटून चिंध्या झाली होती. दुपारी शेतात बसलो की ऐकू यायचं, घड देठातून सटकून खाली पडायचा. एक पडला की मन दुसऱ्याची वाट बघायचं. भाऊच्या बागेतूनही तोच आवाज यायचा. बायको म्हणाली, "त्यानी केळीबी गई हो." मी म्हणालो, मी त्याला जाळायला सांगितली नव्हती. त्या दिवशी भाकरीवर तिखट जरा जास्त आलं.

गावानं त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. आम्ही फक्त त्याच्याजवळ बसायचं सोडलं. तो पारावर आला की एकेकाला काम आठवायचं. एकानं तर तोंडावर विचारलं, भाऊ, आज कोणत्या गावाच्या बाकावर बसणार. मग तो पारावर येईना. स्वतःच्या ओट्यावर बसू लागला. पण रेडिओ भिंतीवर ठेवायचा, तोंड पाराकडं करून, आणि आवाज एवढा मोठा करायचा की पारावर नीट ऐकू यावा. कोणी ऐका म्हटलं नाही, कोणी बंद कर म्हटलं नाही. मी माझ्या ओट्यावर त्याच्याकडं पाठ करून बसायचो. पाठीला कान नसतात असं कोण म्हणतं.

पाच वर्षांनी पुन्हा त्या बारा देशांचं मतदान आलं. त्या संध्याकाळी रेडिओ रोजच्यापेक्षा मोठा होता. मी मागं वळलो नाही. पण उठलोही नाही, सगळं ऐकून मगच जेवायला गेलो.

पुढं त्याचे गुडघे गेले आणि बायकोही गेली. नरडाण्याला त्याची लेक असते, जावई तिथं कारखान्यात आहे. तिनं त्याला नेलं. जाताना तो सगळ्यांच्या दारात थांबला म्हणे. मी शेतात होतो. मुद्दाम होतो. संध्याकाळी ओट्यावर बसलो तर गाव एवढं गप्प, की कुणाच्या चुलीवर काय फोडणीला पडलं ते ऐकू यावं.

मंडळावर तर पुढल्याच निवडीला गावानं त्याच्या जागी मला पाठवलं होतं. दर वर्षी मी ठराव मांडतो, पाणी पुन्हा वरून सोडा. दर वर्षी मतं सहा-सहा होतात आणि तो पडतो. दर वर्षी मी पुन्हा मांडतो.

गेल्या साली माघात त्याची लेक एसटीतून उतरून सरळ माझ्या ओट्याशी आली. डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली, तेव्हाच मला कळलं. तेराव्याचं सगळं आटोपून आली होती. पिशवीतून तिनं टोपी काढली. धुतलेली, इस्तरी केलेली, घडी मोडलेली नाही. लाल टाके तसेच.

"भाऊ सांगी गयात, काकाले दी ये."

मी विचारलं, आणखी काही म्हणाला का. ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, त्यांनी ती एकदाही घातली नाही, पण सणावाराला धुवायला लावायचे.

बायकोनं तिला जेवू घातलं. मी टोपी खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची बैठक होती. मी अंघोळ केली, धोतर नेसलो, खुंटीवरची टोपी घातली आणि पहिली गाडी पकडली. शाळेच्या दारात टेलच्या गावाचा तोच म्हातारा उभा होता, आता काठीला धरून. त्यानं माझ्या डोक्याकडं बराच वेळ पाहिलं.

"ही टोपी मी पाहेल शे," तो म्हणाला. "त्या भाऊनी ना?"

"मन्ही शे," मी म्हणालो, आणि आत जाऊन आमच्या गावाच्या बाकावर बसलो.