शेजारच्या बाईंचं आर्मेनियन चर्च

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आमच्या शेजारी एक वयस्कर आर्मेनियन बाई राहायच्या. बोलताना कितीतरी शब्द दोनदा म्हणायच्या. "ये ये, बस बस." रविवारी चर्चमधून आल्या की कागदी रुमालात गुंडाळलेला पातळ रोटीचा तुकडा माझ्या हातावर ठेवत. "जे आले नाहीत त्यांच्यासाठी." ऑगस्टमध्ये पाद्री द्राक्षांना आशीर्वाद देईपर्यंत त्या एकही द्राक्ष तोंडात घालत नसत. मला त्याचं हसू यायचं.

एका जानेवारीत पुण्याला बाबा वारले. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर व्हिसाचं सगळंच कडक झालेलं; मी पुण्याला गेले असते तर अमेरिकेत परत येता येण्याची खात्री नव्हती. मी गेले नाही. बाईंना कळलं तशा त्या दारात आल्या आणि एवढंच विचारलं, "वडिलांचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

रविवारी मला चर्चला घेऊन निघाल्या. "पण आम्ही हिंदू आहोत," मी म्हटलं.

"माहीत आहे, माहीत आहे. स्वेटर घाल."

प्रार्थनेनंतर सगळे हॉलमध्ये कॉफी घेत होते. बाई उभ्या राहिल्या, कागद डोळ्यांजवळ धरला. "ही माझी शेजारीण. हिचे वडील गेले. दाता-त्राया."

खुर्च्या सरकल्या. हॉलभर अनोळखी माणसं उभी राहिली आणि आपल्या भाषेत एका सुरात काहीतरी म्हणाली. बाईंनी कानात अर्थ सांगितला, "देव त्यांच्या आत्म्याला उजेड देवो."

पुण्याहून फोन आल्यापासून मी रडले नव्हते. तिथे रडले.