माशांवरचा बर्फ

मासळीच्या थर्माकोल पेटीचा वास आला की मला उजनीकाठचा तो एसटी थांबा आठवतो. माझ्या पीएचडीच्या वेळी, करपा पडलेल्या केळीत कोणती जनुकं जास्त काम करतात, याची लांबलचक यादी प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रानं दिली होती. त्यातली मोजकी जनुकं नव्या पानांवर पुन्हा मोजून खात्री करायची होती. पानांचे तुकडे बर्फाच्या डब्यात घेऊन मी थांब्यावर आले, पण सोलापूरची गाडी येईना आणि डब्यातला बर्फ उन्हानं वितळून गेला. नमुने वाया जाणार म्हणून मी रडकुंडीला आले. शेजारी मासे विकणाऱ्या मावशींना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मशिननं सांगितलंय न्हवं, मग परत कशाला?" म्हटलं, "खरं आहे का बघायला." "व्हय की, आमी बी कल्ला उचलून आतनं लाल हाय का बघितल्याबिगर मासा घेत न्हाय," म्हणत त्यांनी ओंजळीनं आपला बर्फ माझ्या डब्यात भरला. "आणि तुमचे मासे?" "न्हाय खपले तर घरी कालवण हुईल की." नमुने टिकले, आणि ज्या जनुकावर माझा सगळा प्रबंध उभा होता ते करप्यात जास्त काम करतं, हेच तपासणीत खोटं निघालं. आता विद्यार्थी देखणे आलेख घेऊन येतात, तेव्हा मी एवढंच विचारते, "कल्ला उचलून बघितलास का?"